एक्स्ट्रा आहे का?

नेमबाजीच्या रेंजवर जायच्या आदल्या रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवणारी माणसं असतात. त्यांच्या नादी लागू नका. बॅग सकाळीच भरावी. एका पायात मोजा चढलेला आहे, दुसरा मोजा सापडत नाहीये, खाली कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलंय, हा खरा मुहूर्त. निवांत बसून विसरणं फार थोड्यांना जमतं. मला जमतं, पण त्यामागे कित्येक वर्षांची साधना आहे.

विसरायचं काय, यालाही डोकं लागतं. रायफल विसरलात तर लोक हसून मोकळे होतील आणि तुम्हाला घरी पाठवतील. त्यात मजा नाही. विसरायची ती सगळ्यांत लहान वस्तू, जिच्यावाचून बाकीच्या सगळ्या वस्तू म्हणजे नुसतं ओझं. एअर पिस्तुलाचा छर्रा घ्या. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याची चपटी डबी ड्रॉवरमध्ये राहिली की किलोभर वजनाचं पिस्तूल, हवा भरलेला सिलिंडर, खास चष्मा, नेम न धरणारा डोळा झाकायचा ब्लाइंडर, बूट, टॉवेल आणि पाण्याची बाटली हे सगळं खांद्यावर लादून आणल्याचं सार्थक होतं.

छर्रे नाहीत हे लक्षात आलं की 'विसरलो' हा शब्द मात्र तोंडातून काढायचा नाही. शांतपणे लेनवर उभं राहायचं, हात उचलायचा, नेम धरायचा, रिकामा ट्रिगर दाबायचा आणि कुणी विचारलंच तर नजर समोरच ठेवून म्हणायचं, "आज फक्त ड्राय." मोठमोठे नेमबाज गोळी न भरता तासन्‌तास हाच सराव करतात, त्यामुळे तुमच्या शब्दाला वजन येतं. यात एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. एकदा मी असाच अर्धा तास नाइलाजाची तपश्चर्या करत होतो. मागे सर येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "आज पहिल्यांदा ट्रिगर झटकला नाहीस. असाच करत जा." पुढच्या खेपेला मी डबी आठवणीने नेली आणि पुन्हा पूर्ववत झटकू लागलो.

हवेचं प्रकरण जरा वरच्या इयत्तेचं. एअर पिस्तुलाचा सिलिंडर साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात. त्याच्या टोकाला एक इवलासा काटा असतो. घरून निघताना त्या काट्याकडे बघणं हा स्वतःवर दाखवलेला अविश्वास आहे. रेंजवर पोचल्यावर बघा. काटा तळाला टेकलेला दिसला तरी हरकत नाही, कारण कोपऱ्यात पुरुषभर उंचीची टाकी उभी असते, आत हवा ठासून भरलेली. फक्त ती हवा तुमच्या सिलिंडरात जायला मध्ये एक अडॅप्टर लागतो, अंगठ्याएवढा पितळी तुकडा. तो कंपनीगणिक वेगळा, आणि तुमचा घरी. शेजारच्याचा लावून बघता, आटे बसत नाहीत. दोघं मिळून लावून बघता, तरी बसत नाहीत. मग दोघंही टाकीकडे पाहत उभे राहता. दैव देतं आणि कर्म नेतं, ते इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

मोठी वस्तू विसरू नका असं म्हणून बसलोय खरा, पण एकदा माझ्या हातून तेही घडलंय आणि ते लपवावंसं वाटत नाही. आदल्या रात्री घरी भिंतीसमोर ड्राय केलं आणि पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप घातलं. सुरक्षिततेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. सकाळी पेटी उचलली. हाताला जड लागली, कारण आत जादा सिलिंडर होता, वजनं होती, पान्यांची पिशवी होती. रेंजवर टेबलावर ठेवली. दोन्ही खटके उघडले. करड्या फोममध्ये पिस्तुलाच्या आकाराचा खड्डा होता, अगदी हुबेहूब. मुठीची गोलाई, ट्रिगरच्या कडीची कमान, पुढे निमुळती होत गेलेली नळीची खाच, तळाशी जुन्या तेलाचा डाग. पिस्तूल सोडून पिस्तुलाचं सगळं काही होतं. मी झाकण हळूच लावलं. दहा सेकंदांनी पुन्हा उघडून पाहिलं. का, ते विचारू नका. तुम्हीही उघडून पाहाल.

अशा वेळी कामी येतो तो शेजारी. प्रत्येक रेंजवर एक काका असतातच. आमच्या काकांजवळ प्लॅस्टिकचा कप्प्याकप्प्यांचा डबा असतो. त्यात अॅलन की लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, दोन-तीन जातींचे छर्रे, चष्मा पुसायचं फडकं, फोमच्या इअरप्लगची न फोडलेली पाकिटं आणि गवत कापायच्या यंत्रात घालतात त्या भडक नारिंगी तारेचं भेंडोळं. ही तार म्हणजे सेफ्टी फ्लॅग. एअर पिस्तुलाच्या आणि रायफलच्या नळीत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत घातलेली असली, की आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. ती नसेल तर रेंज ऑफिसर तुम्हाला हत्यारासकट बाजूला उभं करतो, आणि बरोबर करतो. काका काही बोलत नाहीत. भेंडोळं काढतात, माझ्या नळीशी तार धरून मापतात, चार बोटं जास्तीची सोडून कात्रीने कापतात. असे माझे आतापर्यंत सात तुकडे झालेत. एकही सध्या सापडत नाही.

मागताना "माझं राहिलंय, तुमचं देता का?" असं म्हणू नका, त्यात लाचारी दिसते. "काका, एक्स्ट्रा आहे का?" असं विचारायचं. म्हणजे वस्तू त्यांच्याकडे चुकून जास्त झालीये आणि तुम्ही त्यांचा भार हलका करायला आलात, असा सूर लागतो. सामन्याच्या दिवशी तर हे विशेष खुलतं. तयारी आणि सायटिंग, म्हणजे नेम जुळवायचे बिनगुणांचे शॉट, मिळून १५ मिनिटं मिळतात. कच्चे नेमबाज ती नेम बसवण्यात वाया घालवतात. तुम्ही या लेनवरून त्या लेनवर जा, लोकांची एकाग्रता तपासा. पुढे ६० शॉट आणि ७५ मिनिटं आहेतच की.

कपडे आणि बूट मात्र उसने घेऊ नका. रायफलवाल्यांचं जाडजूड जॅकेट ज्याच्या त्याच्या मापाचं असतं. दुसऱ्याचं घातलंत तर वाळत घातलेल्या गादीतून डोकं बाहेर काढल्यासारखे दिसाल. यावर अधिक बोलवत नाही.

लोक हसले तर दाखले द्यायचे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच यासाठीच जन्माला आलाय. ५१ वर्षांचा गृहस्थ, साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, ब्लाइंडर नाही, खास भिंग नाही, डावा हात खिशात, आणि एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक. तुमचा चष्मा, ब्लाइंडर आणि अर्धी बॅग घरी राहिली की त्याचं नाव घ्या आणि हात खिशात घाला. त्याच्या कानात इअरप्लग होते, तेवढं सांगू नका. ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं, हेही नको.

कुणी फारच टोकलं तर अमेरिकेचा नेमबाज मॅथ्यू एमन्स काढा. २००४ मध्ये ऑलिंपिकच्या निवड चाचणीआधी त्याच्या रायफलची कुणीतरी मोडतोड केल्याचं उघड झालं. त्याने जुन्या सहकारी नेमबाजाची रायफल उसनी घेतली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराचं, सुवर्णपदक जिंकलं. उसनवारीचा यापेक्षा मोठा गौरव इतिहासात नाही. रायफल हरवली नव्हती, विसरलीही नव्हती, हा बारीक फरक समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत विषय बदला. विषय बदलायलाही एमन्सच उपयोगी पडतो. त्याच ऑलिंपिकमध्ये दोनच दिवसांनी थ्री पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, आणि शेवटची गोळी त्याने शेजारच्याच्या टार्गेटवर मारली. शून्य गुण. पहिल्यावरून थेट आठवा. त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला आलेल्या चेक नेमबाज मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं. तेव्हा आपली लेन कुठली हेसुद्धा अधूनमधून विसरायला हरकत नाही. फळ कुठल्या रूपात मिळेल, सांगता येत नाही.

आता कानांचं. एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी, ते नुसतं फटकन्‌ वाजतं. पण बारुदाच्या रेंजवर जाणार असाल तर इअरमफ विसरणं हा मानाचा तुरा आहे. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे लहान बोअरच्या (बारीक नळीच्या), बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या बोअरचा १५० च्याही वर, आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी तो ऐकतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एवढ्याशा कारणासाठी घरी परत फिरायचं? आपल्याकडे रुमाल आहे. कापूस मिळतोच कुठेतरी. नाहीतर खांदा वर करून एक कान झाकायचा आणि दुसऱ्या कानाला देवाच्या हवाली करायचं. पहिल्याच फैरीनंतर कानात जी शिट्टी सुरू होते तिला लोक उगाच घाबरतात. सोबत असते. रात्री आडवं झालं, घरात सगळं सामसूम झालं, की ती जास्तच आपुलकीने वाजते.

हे मी असंच एकदा, वीस जणांसमोर, रुमालाचे दोन बोळे वळत असताना बोलून दाखवत होतो. काकांनी ऐकलं. त्यांनी डोक्यावरचे स्वतःचे हिरवे इअरमफ काढले, माझ्या डोक्यावर बसवले, कानावरून केस बाजूला सारून रबराची कड नीट चेपली, आणि स्वतः डब्यातला फोमचा प्लग काढून बोटांत वळत बसले. बारीक सुतळीसारखा होईपर्यंत वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. शिकून घेण्यासारखं होतं. मी दुसरीकडे बघत होतो.

सराव संपला, हात धुतले (शिसं असतं छर्ऱ्यांत आणि गोळ्यांत, हात धुवायला मात्र मी विसरत नाही), निरोप घेतला, घरी आलो. आरशात पाहिलं तर गळ्यात काकांचे हिरवे इअरमफ. ते दाराजवळच्या खुंटीवर अडकवले, म्हणजे जाताना समोर दिसतील.

पुढच्या खेपेला काका माझ्या लेनपाशी आले. डबा उघडा होता, फोमची पाकिटं संपली होती. माझ्या डोक्यावर या वेळी माझे स्वतःचे इअरमफ होते, आयुष्यात पहिल्यांदाच आठवणीने आणलेले. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि संकोचून विचारलं, "अरे, एक्स्ट्रा आहे का?"

मी इअरमफ एका कानावरून उचलून धरले.

"काका," मी म्हणालो, "निघताना एक यादी करत जा."