निसर्गाला कामाला कसे लावावे

हल्ली 'निसर्गाधारित उपाय' असा एक शब्द निघाला आहे, म्हणजे सावली-पाण्याची कामे झाडे, माती, ओढे यांच्याकडूनच करून घेणे. बिचकू नका. छत्रपती संभाजीनगरात प्लॉट घेऊन घर बांधलेत ना, मग सुरुवात अंगणातूनच करा.

आधी कडुलिंबाकडे बघा. भर मे महिन्यात जो फुकट सावली देतो, त्याचा काहीतरी डाव असणारच. वर पाचोळा पाडून झाडायला लावतो तो वेगळाच. पण तोडू नका, परवानगीची कटकट असते. बुंध्याला चिकटवून गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवा, पुढचे वळीव बघून घेईल. झाड आडवे झाले की "आता झाडांचाही भरवसा राहिला नाही" म्हणा आणि एसी घ्या.

मग गच्ची. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर हिशेबाने 65,000 लिटर पाणी पडते. एवढे पाणी कोण सांभाळणार? पाइप थेट रस्त्यावर सोडा. शोषखड्डा नकाशात दाखवला आहे, तेवढा पुरे. नकाशातला खड्डा कधी गाळाने भरत नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याला ही समज नव्हती. 1610 मध्ये खडकी, म्हणजे आपले हेच शहर, वसवली आणि पुढे शहराच्या उत्तरेकडचे भूगर्भातले पाणी त्याने नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याने, खापरी नळांतून, नुसत्या उतारावर गावात खेळवले. ना मोटार, ना वीजबिल. अशाने ठेकेदाराने खायचे काय? ती चूक आपण दुरुस्त केली. आता पैठणच्या नाथसागरातून पाणी पंपाने चढवत आणतो. नहर मात्र बुजवू नका, पाहुण्यांना दाखवायला लागते.

वाटेत ओढा आलाच तर त्याला आधी नाला म्हणायला शिका. निम्मे काम तिथेच होते. ओढ्याला पात्र असते, काठ असतो. नाल्याला फक्त पाइप लागतो. पाइपवर स्लॅब, स्लॅबवर पार्किंग. एखाद्या रात्री पाणी हॉलमध्ये आलेच, तर जाहिरातीत 'नदीकिनारी घर' लिहायला हरकत नाही.

लातूरकर तर आपल्याही पुढे. एप्रिल 2016 मध्ये त्यांनी मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. मांजरा आटली तर आटली, रूळ थोडेच आटतात!

आणि मार्चमध्ये बोअर फुसफुसायला लागला तर टँकरला फोन लावा. जुलैत रस्त्यावर सोडलेलेच पाणी विकत घेताय, असला विचार मनात आणू नका. आणलात तरी टँकरवाल्याला विचारू नका, तो कुठे भरतो ते. शहराबाहेर ओढ्याकाठी एक विहीर आहे. त्या शेतकऱ्याने अजून गट्टू बसवलेले नाहीत.