परभणीतून ब्रुनेईवर बहिष्कार कसा टाकावा

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे तुम्हाला पाठ आहेच. तेव्हा परदेशात कुठे समलिंगी माणसांविरुद्ध कायदा झाला, तर परभणीने गप्प बसून कसं चालेल? बहिष्कार टाकलाच पाहिजे. फक्त नीट टाका. बरेच जण घाई करतात आणि स्वतःचंच काहीतरी गमावून बसतात.

म्हणून पहिलं पथ्य: आपण जन्मात कधी विकत घेतली नाही, अशाच वस्तूवर बहिष्कार टाकावा. त्यासाठी आग्नेय आशियातल्या ब्रुनेईसारखा सोयीचा देश नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये तिथे समलिंगी संबंधांना दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा कायद्यात आली. हॉलिवूडच्या जॉर्ज क्लूनीने सांगितलं, तिथल्या सुलतानाच्या मालकीच्या नऊ हॉटेलांत पाऊल ठेवू नका. लंडनचं डॉर्चेस्टर त्यातलंच. तुम्ही लगेच सामील व्हा. आपलं हॉटेल म्हणजे स्टेशन रोडवरचं, जिथे भजे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर येतात आणि एक चहा दोघांत होतो. डॉर्चेस्टर सोडायला आपल्याला काही जड जात नाही.

पुढे महिना उलटतो न उलटतो तोच सुलतानाने जाहीर केलं, की मृत्युदंडाला असलेली स्थगिती या शिक्षेलाही लागू राहील. कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला. एवढं सगळं स्टेटसमध्ये मावत नाही. ‘जिंकलो’ लिहा आणि वर झेंडा लावा.

दुसरं पथ्य, लेबल वाचू नये. रशियाने २०१३ मध्ये मुलांसमोर समलिंगी संबंधांचा ‘प्रचार’ करायला बंदी घातली, तेव्हा अमेरिकेतल्या बारवाल्यांनी स्तोलिचनाया व्होडका गटारात ओतली. ती बाटली भरली जात होती लाटव्हियात, आणि मालक स्वतःच रशियातून परागंदा झालेला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! पण फोटो झकास आले, हे कबूल करायला हवं. पुढच्याच वर्षी सोचीत हिवाळी ऑलिम्पिकही थाटात पार पडलं.

युगांडाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका, तिथे विचार करावा लागतो. २०१४चा कायदा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केला, कारण काय, तर संसदेत मंजूर करताना कोरम नव्हता. (आपल्या ग्रामसभेकडून शिकले असते, तर सभा तहकूब करून पुन्हा भरवली असती. तहकूब सभेला कोरम लागतो कुठे?) २०२३ मध्ये नवा कायदा आला, काही प्रकरणांत थेट मृत्युदंडाचा, आणि जागतिक बँकेने नवी कर्जं थांबवली. आता गंमत बघा. २०१४ मध्ये तिथलेच कार्यकर्ते सांगत होते, की सरसकट मदत तोडू नका. असल्या लोकांचं ऐकत बसू नये. ज्याच्यासाठी लढायचं त्यालाच विचारायला गेलं, की लढा लांबतो.

बाकी बहिष्कार म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा इथे दलितांच्या वस्त्या पेटल्या, गावोगाव लोक वाळीत पडले. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये कायदाच केला: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. त्यामुळे तिसरं पथ्य सगळ्यात महत्त्वाचं. गल्लीतला बहिष्कार कधी जाहीर करू नये.

आमच्या शेजारच्या आक्कांचा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला आला तो त्याच्या जोडीदाराला घेऊन, आणि आईपासून काही लपवून ठेवलं नाही. आक्का दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी उठून दोघांसाठी पुरणाचा स्वयंपाक केला. गल्लीत कुणी ठराव केला नाही की पंचायत बसवली नाही. समोरच्या काकू एवढंच म्हणल्या, “आक्का, मनावर घेऊ नका, पण आजूबाजूला लेकरांची घरं आहेत.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आक्कांना बोलवायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं. ध्यानातून जाणं कोणत्या कलमात बसतं, सांगा बरं?

त्याच दिवाळीत आक्कांनी आमच्याकडे फराळाचं ताट पाठवलं होतं. करंज्या, चकल्या, शेव, वर त्यांनी स्वतः विणलेला रुमाल. आमचं डॉर्चेस्टरचं स्टेटस त्याआधीच ठेवून झालेलं, सत्तर-ऐंशी जणांनी पाहिलेलं. फराळ आम्ही खाल्ला, चकल्या खुसखुशीत होत्या. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची असते, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. आक्कांचं ताट आम्ही घासून, पुसून, रिकामं पाठवलं. रुमालाची घडी तेवढी नीट घातली होती.