वीरगळ, जीर्णोद्धार आणि हौशी मंडळींचे काम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी आणि सांगे भागांतील जुन्या शिळांची नोंद करणाऱ्या आमच्या मंडळाविषयी मी लिहिले, त्यावर आपण परखड प्रतिक्रिया दिली आहे: पुरातत्त्व हे प्रशिक्षित माणसांचे आणि सरकारी खात्याचे काम आहे, हौशी लोकांनी त्यात लुडबुड करू नये. अशा शिळांची छायाचित्रे प्रसिद्ध करणे म्हणजे चोरांना वाट दाखवणे. आणि गावाने पुजलेल्या पाषाणांचे काय करायचे ते गाव ठरवील, असे आपले म्हणणे आहे. आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार लवकरच सुरू होणार असून आवारातील जुने दगड तेव्हा हलवले जातील, असा उल्लेखही आपण शेवटी जाता जाता केला आहे. मला त्या शेवटच्या वाक्यानेच अधिक अस्वस्थ केले.

परवान्याशिवाय कोणीही उत्खनन करू नये, याबाबत आपले माझे दुमत नाही. आमचे सदस्य माती उकरत नाहीत, शिळा जागची हलवत नाहीत आणि सापडलेले खापर घरी नेत नाहीत. कुर्डीचे महादेव मंदिर साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणार होते, तेव्हा त्याचा दगड न् दगड सुटा करून ते दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. असे काम सरकारी यंत्रणेनेच करावे. परंतु केंद्र आणि राज्य यांच्या संरक्षित याद्या एकत्र केल्या तरी गोव्यातील स्थळांची संख्या शंभराच्या आतच राहते, आणि गावोगावच्या वडापिंपळाखाली, तळीच्या काठावर, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) बांधावर पडलेल्या शिळा त्यांत येत नाहीत. खात्याने यावे यासाठी तेथे काही आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्याच्या कातळावर कोरलेले बैल आणि वर्तुळाकार चक्रव्यूह आज गोव्याच्या प्रागैतिहासाचा मोठा पुरावा मानले जातात. १९९३ मध्ये ते खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले ते स्थानिक रहिवाशांनी दाखवले म्हणून. त्या रहिवाशांकडे पुरातत्त्वाची पदवी नव्हती म्हणून त्यांनी गप्प बसायला हवे होते, असे आपणही म्हणणार नाही.

चोरीची भीती खरी आहे. म्हणूनच एकाकी जागेवरील शिळेचा नेमका ठावठिकाणा आम्ही कधीच छापत नाही. मात्र ज्या मूर्तीचे छायाचित्र आणि मोजमाप कोठेच नाही, ती चोरीला गेल्यावर आपलीच आहे हे गावाने कशाच्या आधारे सिद्ध करायचे? शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या केंद्रीय पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतात, त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे, परंतु कायद्याला दाखवायला नोंद लागते.

आता गावाच्या अधिकाराविषयी. गोव्यातील प्राचीन शिल्पे आज दिसतात ती बहुतांशी लोकांच्या श्रद्धेमुळे, हे मी मनापासून मानतो. गजलक्ष्मीचे शिल्प केळबाय या ग्रामदेवीच्या रूपात पुजले गेले आणि टिकले. सत्तरीतील ब्रह्मकरमळीचा ब्रह्मदेव आजही पूजेत आहे. याउलट बार्देश तालुक्यातील कोलवाळच्या मुशीर वाड्यावर १९३० मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांना मिळालेली बुद्धमूर्ती मुंबईच्या संग्रहालयात सुरक्षित असली, तरी बार्देशातल्या माणसाला ती पाहायला मुंबई गाठावी लागते. शिळा गावातच राहावी, हीच आमची इच्छा आहे.

अडचण येते ती जीर्णोद्धाराच्या वेळी. चिऱ्याची आणि कौलांची जुनी वास्तू उतरवून स्लॅब घातला जातो, भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही म्हणून तिचे विसर्जन होते, आणि ज्या दगडाचे नाव कोणालाच ठाऊक नाही तो पायरीला किंवा जोत्याच्या भरावात जातो. वीरगळांचा, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांचा, बळी असाच जातो. एका देवळामागे कपडे धुण्याच्या दगडाजवळ टेकून ठेवलेला वीरगळ आम्ही सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिला. भर दुपारी तो निव्वळ खडबडीत फरशी वाटला असता; पण बाजूने प्रकाश पडताच खालच्या चौकटीत ढाल सावरून उभा असलेला योद्धा, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य, असे सारे उठून दिसले. या शिळेवर खडू किंवा पावडर घासायची गरज नव्हती, आणि तसे कोणी करूही नये, कारण त्याने झिजलेली रेघ आणखी झिजते. खालच्या चौकटीवर मात्र कोणीतरी भक्तिभावाने लावलेल्या ऑइल पेंटचा थर होता. रंगाने आत ओल कोंडते, आणि पुढे तो खरवडताना दगडाचा पापुद्राही निघतो.

भग्न मूर्तीच्या विसर्जनामागे शास्त्राचा आधार आहे, त्यावर मी बोलणार नाही. परंतु वीरगळ ही प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती नव्हे. गावासाठी, गुरांसाठी किंवा सीमेसाठी लढताना पडलेल्या माणसाचे ते स्मारक आहे. सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेचेही तसेच. त्यामुळे विसर्जनाचा नियम त्यांना लावण्याचे कारणच नाही, आणि हे महाजनांच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांच्या) बैठकीत मांडल्यास ते पटते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या देवळाचे काम सुरू होण्यापूर्वी आवारातील प्रत्येक कोरीव दगडाची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून घ्यावीत, लांबी, रुंदी, जाडी आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवावे, आणि मगच मजुरांनी हात लावावा. हलवणे अटळ असेल तर आवारातच जमिनीपासून उंच ओट्यावर, छपराखाली ठेवावे. सिमेंटमध्ये मात्र बसवू नये, कारण सिमेंटमधील क्षार दगडात उतरतात आणि एकदा बसवलेली शिळा मोडल्याशिवाय निघत नाही. एखाद्या शिळेवर अक्षरे दिसली तर ती साफ करण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे. मोजमापासाठी देवस्थान समितीने बोलावले तर आमचे सदस्य येतील. नोंदीची एक प्रत समितीकडे राहील, एक खात्याला जाईल, आणि छायाचित्रे प्रसिद्ध करायची की नाही ते समितीच ठरवील.