घोषणा द्यायच्यात? मग आधी स्लॉट बुक करा

आरोग्य परिषदेच्या आयोजन समितीवर तुमची वर्णी लागली म्हणे, अभिनंदन! हॉल बुक झाला असेल, कुठल्या स्पॉन्सरचा लोगो किती मोठा यावरून दोन मीटिंगा भांडूनही झाल्या असतील, आता एक किरकोळ काम उरलंय ते म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य. घाबरू नका, अर्ध्या तासात होतं. पहिल्या वाक्यात लिहायचं की शांततापूर्ण निदर्शनांच्या हक्काचा आम्ही मनापासून आदर करतो, आणि दुसरं वाक्य 'मात्र'ने सुरू करायचं. मात्रच्या पुढे कितीही पानं लिहा, कोणी मोजत नाही.

मग निदर्शनांसाठी एक झोन काढा. पार्किंगच्या मागे, जनरेटरच्या शेजारी मस्त जागा असते, तिथे माणूस घसा फुटेस्तोवर ओरडला तरी आत भाषण करणाऱ्या मंत्र्याच्या पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. फॉर्म ठेवा, 14 दिवस आधी भरायचा, घोषणांचा मजकूर तीन प्रतींत, किती वाजता संतापणार आणि किती वाजता शांत होणार ते स्पष्ट लिहायचं. आंदोलन उत्स्फूर्त असेल तर त्याला वेगळा कॉलम द्या, म्हणजे कोणी म्हणायला नको की आम्ही उत्स्फूर्ततेच्या विरोधात आहोत.

आता महत्त्वाचं. लॉबीमध्ये एक भिंत मोकळी ठेवा, तिथे जुन्या आंदोलनांचे मोठे मोठे फोटो लावायचे. ब्लॅक अँड व्हाइट असले तर उत्तमच, रंग गेला की रागही जुना वाटतो. 1989 चं माँट्रियल तर हवंच हवं. आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या उद्घाटनाला शेकडो कार्यकर्ते सरळ स्टेजवर चढले, कॅनडाचे पंतप्रधान मुलरोनी बोलायच्या आधीच टिम मॅकॅस्किल नावाच्या कार्यकर्त्याने माईक घेऊन एड्ससोबत जगणाऱ्या लोकांच्या वतीने परिषदेचं उद्घाटन करून टाकलं. कोणालाही विचारलं नव्हतं हो, ना फॉर्म ना स्लॉट! तोवर या परिषदांत पेशंट म्हणजे स्लाइडवरचा आकडा, आकडा उठून बोलायला लागला म्हटल्यावर लोकांची जरा पंचाईत झाली. आज मात्र तो फोटो बघून सगळे भावुक होतात. त्याच फोटोखाली तुमची नियमावली चिकटवा, कलम एक, परवानगीशिवाय स्टेजवर चढणाऱ्याचा बॅज तिथल्या तिथे जप्त. बघा कसं शोभून दिसतं.

बॅजवरून आठवलं. फोटो आयडी सक्तीचा करा आणि चेहरा झाकलेला चालणार नाही असं ठळक अक्षरात लिहा. 1972 मध्ये डॅलसला अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या वार्षिक सभेत एक डॉक्टर रबरी मुखवटा, विग आणि ढगळ सूट घालून, आवाज बदलणाऱ्या माईकवरून बोलला. मी समलिंगी आहे आणि मी सायकियाट्रिस्ट आहे, एवढंच सांगायला त्याला हे सगळं सोंग घ्यावं लागलं कारण तेव्हा त्याच्याच संघटनेच्या यादीत समलैंगिकता हा मानसिक आजार होता आणि नाव कळलं असतं तर नोकरीवर गदा. जॉन फ्रायर त्यांचं नाव, स्वतः उघडपणे सांगायला पुढे वीसेक वर्षं गेली. बरं, हा माणूस तिथपर्यंत पोचला तरी कसा? तर त्याआधी 1970 आणि 1971 च्या सभा समलिंगी हक्कांच्या आंदोलकांनी उधळल्या होत्या, त्यांच्यातल्या फ्रँक कामेनी यांनी माईक हिसकावला होता, तेव्हा कुठे पॅनलवर खुर्ची मिळाली. 1973 च्या डिसेंबरात तो 'आजार' यादीतून गेला. तुमच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला तेव्हा असता तर मुखवट्यासकट बाहेर, आणि कोट्यवधी माणसं अजून काही वर्षं कागदोपत्री आजारी राहिली असती. पण शिस्त म्हणजे शिस्त.

आता तुम्ही म्हणाल, दरवेळी आरडाओरडा बरोबरच असतो का? नाही ना. इथे मलाही जरा अडखळायला होतं. 1990 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एड्स परिषदेत अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुईस सलिव्हन यांचं अख्खं भाषण शिट्ट्या आणि भोंग्यांत बुडालं, ते बिचारे शेवटपर्यंत वाचत राहिले, पण काय वाचलं ते समोरच्यांना ऐकूच गेलं नाही. बोलायचा हक्क त्यांनाही होता की. फक्त एक बारीकशी गोष्ट, ज्या आजारावर ही परिषद होती तोच आजार असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत यायला 1987 पासून बंदी होती, म्हणजे लग्नाला बोलावलंय पण नवरदेवाला मांडवात यायला मनाई असला प्रकार. अनेकांनी बहिष्कार टाकला. 1992 ची परिषद बोस्टनहून उचलून ॲमस्टरडॅमला न्यावी लागली, आणि बंदी 2010 मध्ये उठल्यावर 2012 ला ती परत अमेरिकेत भरली. तेव्हा भोंगा वाजवणारे आणि न वाजवता घरी बसलेले, दोघांचाही वाटा त्यात होता असं मला वाटतं, पण भोंग्यामुळे दुखलेले कान जास्त लक्षात राहतात.

आणि हो, घोषणा देणारा प्रत्येक जण उद्याचा हिरो नसतो. लसीत काहीतरी मिसळलंय म्हणणारा पण माईकच मागतो, आवाजही त्याचाच मोठा. दोघांना एकाच पट्टीने मोजायची सोय नियमावलीत करून ठेवा, नाहीतर कोण काय म्हणतंय ते ऐकत बसावं लागेल, आणि तेवढा वेळ कुठल्या समितीला असतो?

खरी भीती मात्र वेगळीच आहे, मी तर म्हणेन भोंगेवाले परवडले. 2000 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या एड्स परिषदेला ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या तिथल्या रुग्णहक्क संघटनेने आणि त्यांच्या सोबतच्यांनी एड्सच्या औषधांसाठी मोर्चा काढला, हजारो लोक, हॉलच्या बाहेर, एकदम शांततेत. एकाच्या वर्षभराच्या औषधांना तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर लागायचे. पुढच्याच वर्षी सिपलाने तीच औषधं, तीन एकत्र घ्यायची असतात ती, वर्षाला 350 डॉलरला देऊ केली आणि स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत कोर्टात गेलेल्या 39 औषध कंपन्यांनी खटला मागे घेतला. सगळं एका मोर्च्याने झालं असं नाही, पण अशा मोर्च्याचं तुम्ही करणार काय? खुर्ची मोडली नाही, कोणाचं भाषण अडवलं नाही, बॅज जप्त करावा तर ज्यांच्यासाठी मोर्चा त्यातल्या बहुतेकांकडे बॅज घ्यायचे पैसेच नाहीत. सगळे नियम पाळून आलेली माणसं सगळ्यात अडचणीची, त्यांच्यावर कारवाईही करता येत नाही आणि मग नाइलाजाने मागणी वाचावी लागते.

त्यावर एक बिनआवाजी उपाय आहे, व्हिसा. 2022 ला एड्स परिषद पुन्हा माँट्रियललाच होती आणि आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाने व्हिसाच दिला नाही, काहींचा वेळेत आलाच नाही. ना लाठी ना सिक्युरिटी, माणूस आपल्या घरीच बसून शांततेत निषेध करतो. पण हा उपायही शंभर टक्के नाही बरं का, जे पोचले होते ते न आलेल्यांच्या वतीने उद्घाटनाला स्टेजवर चढलेच. तेच शहर, तोच उद्घाटन सोहळा, मध्ये 33 वर्षं.

तेव्हा तुमच्याकडेही कोणीतरी चढणार हे धरूनच चाला. सिक्युरिटीला सांगा हसतमुखाने दंड धरायचा, अध्यक्षांना दोन ओळी लिहून द्या की आम्ही तुमच्या भावना समजू शकतो, आणि लाइव्ह स्ट्रीमवाल्याला तेवढा वेळ स्पॉन्सरची जाहिरात लावायला सांगा. फोटोग्राफरला मात्र स्टेजच्या अगदी जवळ उभा करा. बाहेर काढतानाचे फोटो हाय रिझोल्यूशनमध्ये काढ म्हणावं, तीस वर्षांनी लॉबीतल्या भिंतीला लागतील.