आमचे 50 पैसे कुठं गेले?

मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा मोठ्या थाटात सांगितलं होतं: दुधाची रिकामी पिशवी परत द्या, 50 पैसे घ्या. पाण्याच्या बाटलीमागंही रुपया-दोन रुपये परत मिळणार होते. आठवतंय? सांगलीत कुणाला मिळाले असतील तर सांगा, घरी येऊन नारळ देतो त्याला!

त्या पिशव्यांचं काय झालं ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून खाली वाकून बघा. दुधाच्या पिशव्या, भडंगाची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या. गुटख्याला 2012 पासून बंदी आहे म्हणे, मग पुड्या काय आभाळातून पडतात? आणि निर्माल्य! तेही कॅरीबॅगेत घट्ट गाठ मारून. हे बघितलं की माझं टाळकंच सरकतं. गाडी पुलावर थांबवायची, कठड्यावरून पिशवी भिरकवायची आणि वर हात जोडायचे. अहो, फुलं घरच्या कुंडीत टाका की, खत होईल. पिशवीसकट कृष्णामाईच्या अंगावर फेकून कसलं पुण्य मिळवताय? नळाला तिचंच पाणी येतं तुमच्या.

बाकीचा माल गटारीतून येतो. उन्हाळाभर तुंबून राहतो, वळीव पडला की सुटतो नदीकडं. नदीत मिसळणाऱ्या शेरीनाल्याच्या सांडपाण्याचं रडगाणं तर वर्षानुवर्षं चालूच आहे. 2019 चा पूर ओसरला तेव्हा काठच्या बाभळींवर चिंध्या लटकाव्यात तशा पिशव्या लटकत होत्या. त्या बघूनही आम्ही सुधारलो नाही, ते सोडा.

पण कायदा पकडतो कुणाला? भाजीवाल्या मावशीला. पहिल्या वेळी 5 हजार दंड. केंद्राचा नियम म्हणतो, पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको. मावशीनं मायक्रॉन मोजायचे कशानं, तराजूनं? ज्या कारखान्यात ती पातळ पिशवी निघते, ज्या टेम्पोतून बाजारात येते, तिथं का नाही कुणी उभं राहत? मंडईत मात्र लगेच पावतीपुस्तक बाहेर. घरात आम्ही ओला-सुका वेगळा करायचा, आणि आमच्या गल्लीतली घंटागाडी दोन्ही एकाच ढिगात ओतणार. मग बायको म्हणते, कशाला दोन डबे धुवायचे? काय उत्तर देऊ तिला?

जमत नाही असं तर अजिबात सांगू नका. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात 2022 पासून दारूच्या बाटलीवर 10 रुपये जादा घेतात, रिकामी बाटली आणून दिली की परत देतात. दहा रुपये मिळतात म्हटल्यावर रानात पडलेली बाटलीसुद्धा कुणीतरी उचलून आणतंच. म्हणजे दारूच्या बाटलीचा हिशेब लागतो, आणि सकाळच्या दुधाच्या पिशवीचा लागत नाही!

परवा दुकानदाराला मुद्दाम विचारलं. धुऊन वाळवलेल्या पिशव्यांचा गठ्ठाच समोर ठेवला. तो हसला आणि म्हणाला, "काका, 50 पैसे आता चालतात तरी कुठं?"

मग 5 रुपये करा ना! आधी दुधाबरोबर घ्या, पिशवी आणली की परत द्या. आठ दिवसांत गटारीत एक पिशवी दिसली तर मला सांगा.