तुमच्या जर्नलमध्ये निरोप आहे

इंग्लंडात बेकार असणं फार कष्टाचं काम आहे. नोकरीत होते तेव्हा सकाळी नऊला जायचे, साडेपाचला सुटायचे, मधे डबा खायचे आणि शुक्रवारी दुपारी कामाचं तोंड करून चक्क शब्दकोडं सोडवायचे. नोकरी गेली आणि ही सगळी चैन संपली. युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्ता घ्यायचा तर आठवड्याला 35 तास नोकरी शोधायची, शोधली हे लिहून दाखवायचं आणि लिहिलेलं कुणीतरी वाचेल म्हणून वाट बघायची. या तिसऱ्या कामाला तासांची मर्यादा नाही.

मी पश्चिम लंडनात, विमानं डोक्यावरून घरंगळत जातात अशा भागात राहते. हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणाऱ्या कंपनीत हिशेब बघायचे. कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, माझं काम एका सॉफ्टवेअरनं घेतलं, आणि मी एक कार्ड, एक कुंडी आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन घरी आले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा एडिंबरोला. तो म्हणाला, “आई, इतकी वर्षं टॅक्स भरलास ना, मग क्लेम कर की.” त्याच्या पिढीला हे सोपं वाटतं. आमच्याकडे ‘बेनिफिटवर आहे’ हे वाक्य दार लावून बोलतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलंच तर “सध्या जरा ब्रेक घेतलाय” म्हणायचं. समोरचाही “छान, छान” म्हणतो, कारण त्याचाही मेहुणा दोन वर्षांपासून कन्सल्टिंग करतोय.

तर अर्ज. तो ऑनलाइनच भरायचा. ओळख पटवा, पत्ता पटवा, बचत सांगा. बचत 16,000 पौंडांच्या वर असेल तर भत्ता नाही. 6,000 च्या आत असेल तर चिंता नाही. मधल्यांसाठी मात्र एक सुरेख गणित आहे: 6,000 च्या वरच्या प्रत्येक 250 पौंडांमागे तुम्हाला महिन्याला 4 पौंड 35 पेन्स उत्पन्न मिळतं असं सरकार धरून चालतं. जन्मभर हिशेब केल्यामुळे माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. वर्षाला वीस टक्क्यांच्याही वर व्याज! आमच्या डोंबिवलीतल्या पतपेढ्यांनी बुडायच्या आदल्या वर्षीसुद्धा एवढं देऊ केलं नव्हतं.

माझी शिल्लक 6,000 च्या आतच होती, तेव्हा तिथे मी सुटले. अडकले पुढच्या प्रश्नावर. राहत्या घराखेरीज तुमची कुठे मालमत्ता आहे का? देशात किंवा परदेशात?

आता खरं बोलायचं तर डोंबिवलीला आजोबांच्या वेळची एक खोली आहे. चाळीतली, पागडीची. भाडेपावती अजून आजोबांच्याच नावावर, आणि आजोबा 1974 मध्ये गेले. खोलीवर आम्हा पाच चुलत भावंडांचा हक्क आहे, असं आम्हा पाचांचं म्हणणं आहे. ती आमची नाहीच, असं मालकाचं म्हणणं आहे. आणि चाळ उभीच राहणार नाही, असं महापालिकेचं म्हणणं आहे. दावा कोर्टात आहे. हे ‘हो’ की ‘नाही’ या दोन चौकोनांत कसं बसवायचं? खोटं लिहायची भीती, म्हणून मी ‘हो’वर टिचकी मारली. लगेच खाली चौकोन उघडला: बाजारभाव किती?

मी जर्नलमध्ये खुलासा लिहिला. जर्नल म्हणजे तुमच्या ऑनलाइन खात्यातली वही, तुम्ही लिहायचं आणि पलीकडून उत्तर यायचं. पागडी म्हणजे काय, भाडेकरू मालकाला एकरकमी पैसे देतो तरी मालक होत नाही, मालक मालक असूनही भाडेकरूला काढू शकत नाही, भाडं महिन्याला एका वडापावाच्या किमतीएवढं, आणि मधली भिंत थोरल्या काकांनी 1983 साली भांडणात घातली, सगळं सगळं लिहिलं. इंग्रजीत पागडी समजावून सांगताना मलाच ती पहिल्यांदा समजली. उत्तर आलं: “माहितीबद्दल धन्यवाद. कृपया गहाणखताची प्रत जोडा.”

पुढचा पत्रव्यवहार सांगत बसत नाही. चुलत भावाकडून जुनी भाडेपावती मागवली. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यात पावतीवर चहाचा डाग आणि कडेला त्याचा अंगठा. तोच मी अपलोड केला. कुणीतरी तो स्वीकारला. त्या दिवसापासून ब्रिटिश सरकारच्या दप्तरी माझ्या चुलत भावाचा अंगठा आहे.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे लगेच येत नाहीत. पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी. एक महिना तुमचं उत्पन्न बघणार, मग आठवडाभरात जमा करणार. तोवर खायचं काय? तर ‘ॲडव्हान्स’ घ्या. नाव मोठं दिलदार, पण ते कर्ज असतं, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. 2025-26 ला पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिन्याला 400 पौंड 14 पेन्स होता. या चौदा पेन्सवर माझा फार जीव. चारशे म्हटलं असतं तर अंदाजपंचे वाटलं असतं. चौदा पेन्स लावले की कुणीतरी रात्रभर जागून हिशेब केलाय असं वाटतं.

आणि मग सुरू होतो मेसेजचा छळ. फोन टुणकन वाजतो: “तुमच्या जर्नलमध्ये निरोप आहे. लॉग इन करा.” काय निरोप आहे, ते मेसेजमध्ये सांगत नाहीत. भत्ता थांबवला? मुलाखत ठरली? पागडीवाला मालक लंडनला पोचला? बसमध्ये उभ्या उभ्या पासवर्ड टाकायचा, तो चुकायचा, मग फोनवर कोड यायचा, तो टाकेपर्यंत बस बोगद्यात जायची. शेवटी आत शिरावं तर निरोप असा: “नमस्कार! तुमचा आठवडा छान जावो.”

फोन करावा म्हटलं तर विवाल्डी. हा भत्ता देणारं सरकारी खातं म्हणजे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स. त्याच्या हेल्पलाइनवर वाट बघताना या जुन्या इटालियन संगीतकाराच्या ‘फोर सीझन्स’मधला वसंत ऋतू वाजतो. सूर सुंदर आहेत, पण तोच तुकडा फिरून फिरून ऐकला की वसंत संपून ग्रीष्म केव्हा लागतो असं होतं. तरी आता हा फोन फुकट आहे. 2017 पर्यंत मोबाइलवरून मिनिटाला 55 पेन्सपर्यंत लागायचे, म्हणजे पैसे का आले नाहीत हे विचारायला पैसे. बोभाटा झाल्यावर फुकट केला. मग 2020 मध्ये करोना आला, लाखो लोकांनी एकदम अर्ज केले, आणि खात्यानं जाहीर केलं, तुम्ही आम्हाला फोन करू नका, आम्हीच करू. मुलगी बघून गेलेल्या मंडळींचं “कळवतो” ज्यांनी ऐकलंय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. खरं म्हणजे खातं बऱ्याच जणांना स्वतःहून फोन करतही होतं. पण नंबर छुपा दिसायचा, आणि छुप्या नंबराचा फोन घ्यायचा नाही हे आम्हाला बँकेनं बजावलेलं.

बोलण्याच्या बाबतीत या खात्याचा हात कुणी धरणार नाही. ऐकायचं तेवढं राहून जातं. मी बेकार असल्यामुळे वाचायला वेळ होता, तेव्हा जुनी प्रकरणं वाचून काढली. 2013 मध्ये काही उमेदवारांना एक स्वभावचाचणी दिली होती. त्यात उत्तरं काहीही द्या, अगदी प्रश्न न वाचता पुढे पुढे दाबत जा, तरी शेवटी निघायचं की तुमच्यात कुतूहल आहे, शिकण्याची आवड आहे. आमच्या नाक्यावरचा पोपटवाला निदान पाकिटं तरी वेगवेगळी ठेवायचा. 2015 मध्ये तर कमालच. भत्ता कापण्याच्या शिक्षेबद्दल एक पत्रक काढलं. त्यात सारा नावाची बाई हसऱ्या फोटोसकट सांगते की मी वेळेत सीव्ही केला नाही, माझा भत्ता कापला, आता मात्र सीव्ही झकास झालाय आणि मी खूश आहे. कुणीतरी माहिती अधिकारात विचारलं, ही सारा कुठे भेटेल? तर सारा नव्हतीच. फोटो मॉडेलचा, मनोगत खात्याचं. 2019 मध्ये मेट्रो या फुकट वर्तमानपत्रात भत्त्याची महती गाणाऱ्या मजकुराच्या जाहिराती दिल्या, त्यांतले दावे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं दिशाभूल करणारे ठरवले. आणि 2020 ची, या खात्याची नसली तरी सरकारी पाठबळाची, ती बॅलेच्या बुटांची नाडी बांधणारी ‘फातिमा’! तिची पुढची नोकरी सायबरमध्ये असू शकते, तिला अजून ते ठाऊक नाही, अशी जाहिरात. नाट्यगृहांना कुलपं लागलेली असताना असं म्हटल्यावर गदारोळ झाला. खुद्द संस्कृतिमंत्र्यांनी तिला असभ्य म्हटलं आणि जाहिरात मागे घेतली गेली. माझं म्हणणं, फातिमाला राहू द्या, पण साराला सरकारनं खरोखर नोकरी द्यायला हवी होती. इतकी समाधानी कर्मचारी शोधून सापडायची नाही.

मला नेमून दिलेला वर्क कोच, म्हणजे नोकरी शोधायला मदत करणारा खात्याचा माणूस, मात्र खराखुरा होता. माझ्या मुलाच्या वयाचा, दाढी कोरलेली, पहिल्या भेटीपासून मला नावानं हाक मारणारा. भेट दहा मिनिटांची असते. त्यातली तीन मिनिटं त्याचा कॉम्प्युटर उघडायला लागतात, दोन माझं आडनाव म्हणायला. उरलेल्या पाचांत आम्ही माझ्या आयुष्याची दिशा ठरवायचो.

“पहिले चार आठवडे तुम्ही तुमच्या क्षेत्रातली नोकरी शोधू शकता,” तो म्हणाला. “त्यानंतर कुठलीही जमण्यासारखी.” ही मुदत आधी तीन महिने होती, 2022 मध्ये चार आठवड्यांवर आणली. मग जरा चाचरत म्हणाला, “आणि प्रवास... एका वेळेला दीड तासापर्यंत करायची तयारी ठेवावी लागते. जास्त वाटतं, मला कल्पना आहे.”

जास्त? अरे बाळा, मी डोंबिवलीची. कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी चर्चगेटला. सकाळची फास्ट, दाराशी लोंबकळत, पर्स पोटाशी, आणि दादरला गर्दीनं उतरवलं की पूल चढून पलीकडची गाडी. दीड तासात पोचलो तर लवकर आलो म्हणून शिपाई घड्याळ बघायचा. मी त्याला एवढंच म्हटलं, “चालेल. बसायला मिळेल ना?” त्यानं टाईप केलं: ‘क्लायंट अत्यंत लवचीक.’

त्याच वयात ठाण्याच्या सेवायोजन कार्यालयात जाऊन नावही नोंदवलं होतं. तिथल्या कारकुनानं मान वर न करता कार्ड दिलं होतं आणि म्हणाला होता, “कॉल येईल.” अजून आलेला नाही. पण एक आहे, त्यानं मला कधी विचारलं नाही की या आठवड्यात तुमचा आत्मविश्वास एक ते दहात किती.

पस्तीस तास भरायचे कसे हा माझा रोजचा प्रश्न. अर्ज करून करून किती करणार? सीव्ही पुन्हा लिहिला, मुलानं तो तरुण केला, मी पुन्हा म्हातारा केला. वाचनालयात जाऊन बसले, तेही लिहिलं. मग गणपती आले. मंडळात दुपारची आरती होती, मी प्रसादाच्या टेबलाशी. वाटता वाटता दोघी-तिघींच्या कानावर घातलं की ब्रेक जरा लांबलाय. घरी येऊन जर्नलमध्ये लिहिलं: सामाजिक कार्यक्रमात सहभाग, उपस्थितांशी व्यावसायिक संपर्क, चार तास. मोदक लिहिले नाहीत. कोचनं लगेच उत्तर दिलं, एरवी दोन दोन दिवस लागायचे: “उत्तम नेटवर्किंग! असंच चालू ठेवा.” मग मी मागे हटणार आहे का? नवरात्रात भोंडला, कोजागिरी, दिवाळी पहाट, एकही कार्यक्रम सोडला नाही. मंडळाच्या समितीला वाटलं बाईला एकाएकी संस्कृतीचा पुळका आला.

आणि गंमत म्हणजे नोकरी तिथूनच लागली. प्रसादाला दुसऱ्यांदा हात पुढे करणाऱ्या एका बाईंच्या सुनेच्या शाळेत हिशेबनीस हवी होती. मुलाखतीची वेळ आली नेमकी कोचच्या भेटीच्या दिवशी, त्याच तासाला. न कळवता भेट चुकवली तर भत्ता कापला जातो, म्हणून जर्नलमध्ये लिहिलं की नोकरी मिळवून देणाऱ्यांच्या भेटीला मी येऊ शकत नाही, कारण नोकरी देणाऱ्यांच्या भेटीला जातेय. मुलाखत झाली, नोकरी लागली, शाळेतल्या मुलांनी मला ‘मिस’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा फोन वाजला. जर्नलमध्ये निरोप. शुभेच्छा, मुलाखतीला अवश्य जा.

कोचचा शेवटचा फोन आला तो पहिला पगार झाल्यावर. भत्ता आता पगाराच्या मानानं कमी होत जाईल, कमावलेल्या दर पौंडामागे 55 पेन्स, वगैरे त्यानं भराभरा सांगितलं. मग थांबला. कीबोर्डची टकटकही थांबली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “माझ्या कामाचा भाग नाहीये. पण त्या खोलीचं काय झालं? ती मधली भिंत...”

माणसानं सगळं वाचलं होतं. भिंत, काका, अंगठा, सगळं.

मी म्हटलं, “पुढची तारीख पडली आहे. मेमध्ये.”

“मेमध्ये,” तो म्हणाला, आणि टकटक पुन्हा सुरू झाली.