राजीनामा टाकायच्या आधी क्लीनर म्हणून एक फेरी मार
ऑफिस सोडून लांबच्या ट्रकवर जाऊ का, असं विचारणाऱ्या भावासाठी. मी रत्नागिरीचा, सात वर्षं आंबा-मासळीच्या गाडीवर आहे. लगेच ट्रक हातात मिळत नाय हां, आधी कारचं लायसन १ वर्ष जुनं पायजे, मग ट्रान्सपोर्टचं, म्हणजे मालगाडी चालवायचं. चालवणं सोपं रे, थांबणं कठीण, वाशी मार्केटला माल उतरवायच्या रांगेत अख्खी रात्र जाते, पावसात परशुराम घाटात दरड आली की झालंच. कोकण रेल्वेच्या रो-रोवर (भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवून नेतात) कोलाडला गाडी चढवली तर मंगळुरूजवळच्या सुरतकलपर्यंत तेवढीच झोप (डिझेल पण वाचतं, पण ते मालकाचं). आणि गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी लागते, घरी आरतीला असतो खरा, पण फेरी नाय म्हणजे भत्ता पण नाय, बायकोला हे आधीच सांगून ठेव.